विटा भाजणाऱ्यांचं चर्च

कुवेतला मंगफमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर एक कृष्णवर्णीय अमेरिकन इंजिनियर राहायचा. भर उन्हाळ्यातही दर शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, तो सूट-टाय घालून चर्चला निघायचा. एकदा ट्रेनिंगसाठी मी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या त्याच्या शहरात गेलो. तो सुट्टीवर तिथेच होता. त्याने मला त्यांचं जुनं कॅथलिक चर्च दाखवलं.

"या विटा आमच्या गुलाम पूर्वजांनी भाजल्या. तरी माझ्या आईला मागच्या बाकावर बसवायचे. पुढची बाकं गोऱ्यांची."

मला आमच्या गावच्या देवळाबाहेर जातीमुळे थांबावं लागणारी माणसं आठवली.

"मग धर्म सोडावासा नाही वाटला?"

"घर आम्ही बांधलं. आम्ही का जायचं?"

तो संथपणे चालत जाऊन पहिल्या बाकावर बसला. मी दाराशीच घुटमळत होतो. त्याने वळून शेजारची जागा थोपटली.

"अरे, पुढे ये ना."

मी बाकांमधून चालत पुढे गेलो आणि त्याच्या शेजारी पहिल्या बाकावर बसलो.