परीट कोणत्या वारी येतो

पत्नी गेली त्या उन्हाळ्यानंतर तिच्या ट्रंकेत एक शंभर पानी वही सापडली. पाखरांची वही. ती अशी वही ठेवते हे मला माहीत होतं. उघडून पाहिली नव्हती, एवढंच. माझ्या हातात नेहमी दुसरं काहीतरी उघडलेलं असे.

ती साताऱ्यात प्राथमिक शाळेत शिकवायची. माहेर वडूजजवळचं. पावसाळा सरत आला की रविवारी पहिल्या एस.टी.नं ती माहेरच्या तळ्यावर पाखरं बघायला निघायची. पिशवीत दुर्बीण, भाकरी. दारातून विचारायची, "येता का?" मी म्हणायचो, "एवढं प्रकरण संपवतो." मग दुपारी तिनं झाकून ठेवलेलं जेवण जेवून मी पुढचं प्रकरण घ्यायचो.

वहीतल्या बाकीच्या नोंदी कमीजास्त होत्या, पण एक ओळ नऊ वर्षं चुकली नव्हती: "परीट आला," आणि पुढे तारीख. परीट म्हणजे हिवाळ्यापुरता आपल्याकडे येणारा करडा-पांढरा पक्षी. चिमणीपेक्षा जरा लांबट, जमिनीवर तुरुतुरु पळणारा, शेपटी सारखी वरखाली हलवणारा. दुष्काळाच्या वर्षी तिनं तारखेपुढे लिहिलं होतं, "तळं कोरडं. तरी आला."

ते वाचल्यावर मी ठरवलं, ही ओळ माझ्या हातून तुटू द्यायची नाही. दहावी तारीख मी घालायची.

माणूस पुस्तकातला असला की तो आधी तळ्यावर जात नाही, आधी कोष्टक आखतो. मी नऊ तारखा मांडल्या, जुनी पंचांगं मिळवून त्यांच्या तिथी काढल्या, चंद्राच्या कला लिहिल्या. परीट कृष्ण पक्षातच येतो, असा सिद्धांत तयार झाला. तीन तारखा त्यात बसेनात, तेव्हा त्यांचा दोष मी तिच्या अक्षराला दिला.

मग तिची दुर्बीण गळ्यात अडकवून वडूजची गाडी धरली. तिचे थोरले भाऊ सैन्यातून निवृत्त होऊन तिथं शेती बघत. दुर्बीण त्यांनीच तिला दिलेली. तळ्याच्या वरच्या अंगाला त्यांचा बाजरीचा तुकडा होता आणि त्यात पाखरं राखायला उभा केलेला लाकडी माळा. "दाजी, माळ्यावर बसा. तळं सगळं दिसतंय," ते म्हणाले. "पर बसल्या बसल्या डबा वाजवा वाईच."

पहिल्या रविवारी मला बाजरीत एक मोठा पांढरा पक्षी दिसला. एका पायावर उभा, अजिबात हलत नव्हता. मी अर्धा तास श्वास रोखून टिपणं केली. शेवटी वारा सुटला आणि पक्ष्याच्या बाह्या हलल्या. बुजगावणं होतं. अंगातला सदरा माझा होता. खांद्याजवळ शाईचा डाग ओळखीचा. बायकोनं तो माहेरी आणून दिला असणार. त्याच्या खांद्यावर दोन चिमण्या निवांत बसल्या होत्या.

मेव्हण्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तुमचा सदरा तुमच्यावानीच हाय, दाजी. कुनाला भ्याच न्हाई त्येचं."

दुसरा रविवार तळ्याकडे बघण्यात गेला. तिसऱ्या रविवारी माझ्या सिद्धांताचा कृष्ण पक्ष संपत आला होता. सकाळपासून दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. तळ्याच्या पलीकडच्या काठापर्यंत एकेक दगड तपासला. परीट नाही. या वर्षी तो आलाच नाही तर? किंवा येऊन गेला आणि मला कळलंच नाही तर?

"आवं दाजी!" खालून हाक आली. "ह्ये काय राखताय का जेवायला घालताय?"

दुर्बीण खाली केली. माझ्या पायाखालच्या बाजरीवर चिमण्यांचा थवा बसला होता. पुढच्या चार ओळींतली कणसं पार भुंडी झाली होती. मला दूरचं सगळं दिसत होतं.

मी खजील होऊन म्हणालो, "परीट शोधत होतो. अजून आला नाही."

"न्हाई कसा? चार दिस झालं की येऊन. विहिरीच्या पाटावर पळतोय."

"चार दिवस? म्हणजे बुधवारी? मग माझी तारीख चुकली." माझा आवाज फाटला असावा, कारण ते माळ्याच्या शिडीजवळ आले. मी वही काढून त्यांना दाखवली. कोष्टकही दाखवलं. ते बराच वेळ ओठ हलवत तारखा वाचत राहिले. मग हसायला लागले.

"दाजी, ह्ये सगळं रविवार हायती."

"कशावरून?"

"मास्तरीन दुसऱ्या कुठल्या वारी येनार? मी दर साली म्हनायचो, अगं, तुझं पाखरू आठ दिस झालं येऊन. तर म्हनायची, असू दे दादा, मला आज भेटलं."

नऊ वर्षं दर रविवारी ज्याला दारातून विचारलं जात होतं, त्यानं चंद्राच्या कला तपासल्या होत्या.

मी शिडीवरून उतरलो. विहिरीचा पाट वीस पावलांवर होता. ओल्या मातीवर तो पळत होता, थांबत होता, शेपटी हलवत होता. दुर्बीण गळ्यातच राहिली. ती लागेल एवढा तो लांब नव्हता.

तिथंच बांधावर बसून मी तिच्या शेवटच्या ओळीखाली लिहिलं, "परीट आला," आणि त्या रविवारची तारीख घातली.

तेवढ्यात चिमण्या पुन्हा बाजरीवर उतरल्या. मी उठून, आयुष्यात पहिल्यांदा, बेंबीच्या देठापासून "हुर्रर्र" असं ओरडलो. चिमण्या जागच्या हलल्या नाहीत. परीट दोन हात उडाला, परत पाटावर बसला आणि शेपटी हलवू लागला.

"ऱ्हाऊ द्या, दाजी," मेव्हणे डबा उचलत म्हणाले. "तुमी त्येला बघा. मी राखतो."