देवाच्या डब्यातले तांदूळ

भात टाकण्याआधी एक मूठ तांदूळ देवाच्या डब्यात टाकायचे, ही आमच्या मंडळीतल्या बायकांची रीत. रविवारी तो डबा कल्याणच्या चर्चमध्ये न्यायचा. तिथे सगळ्यांचे तांदूळ एका पिंपात जातात आणि पाळकांची बायको, आमच्या पाळकबाई, ते गरजूंच्या घरी पोचवतात.

माझी मूठ तशी चिमुकली. पण यांची डोंबिवलीची कंपनी बंद पडली, स्वस्त भाड्यासाठी आम्ही दिव्याला आलो, आणि माझी मूठ एकाएकी मोठी झाली. पाळकांनी उपदेशात सांगितलं होतं, काळजी देवावर सोडा. मी ती अशी सोडली की पोरींना पातळ पेज आणि देवाचा डबा शिगोशीग. याला मी विश्वास म्हणत होते. शेजारच्या बाकावरची बाई दर रविवारी माझ्या डब्यात डोकवायची, हेही कारण असेल. बावळट मी होतेच. नेमकी कुठल्या बाजूने, ते अजून ठरत नाही.

एका शनिवारी घरातले तांदूळ संपले. हे म्हणाले, त्या डब्यातले घे. मी म्हटलं, ते देवाचे. पोरी आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत बसल्या.

संध्याकाळी पाळकबाई तीन जिने चढून आल्या, हातात तांदळाची पिशवी. यांनीच कळवलेलं. मी मान ताठ करून सांगितलं की बाई, तुमचं घर चुकलं, गरजू लोक पलीकडच्या चाळीत राहतात.

त्या खाटेवर टेकल्या, दम घेतला. "रोज देताना तुला देव चालतो. घ्यायची वेळ आली की नको होतो का गं?"

मी हात पुढे करून पिशवी घेतली. आत कोलम, रेशनचा जाडा, कुणाचा तरी बासमती, सगळी मंडळी एकत्र. त्यात माझेही दाणे असणारच.

पातेलं चढवलं आणि हात थांबला. यातून देवाची मूठ काढायची का? हे तर त्याचेच. काढली तर त्याचंच त्याला देऊन मिरवायचं, नाही काढली तर रीत मोडायची.

हे म्हणाले, "आधी भात टाक. देव थांबेल, पोरी नाही थांबायच्या."

मी मूठ भरली. अर्धी डब्यात सोडली, अर्धी बाकीच्या तांदळाबरोबर पातेल्यात. भातात काही शितं जास्त शिजून फुटली, काही कच्ची राहिली. पोरींनी पातेलं पुसून खाल्लं.

कुठली अर्धी मूठ बरोबर होती, मला आजही कळलेलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र सगळं कळल्यासारखा चेहरा करून मी डबा घेऊन चर्चला गेले.