नेट होतं, पण नाव सापडत नव्हतं

"मॅडम, नेट चालू आहे. हे बघा," असं म्हणत कांबळेंनी त्याच कॉम्प्युटरवर बातम्यांचं पान उघडलं. फोटोंसकट, एका झटक्यात. शेजारच्या काळ्या खिडकीत माझी कमांड मात्र अडकली होती. सर्व्हरच्या नावाचा पत्ता सापडत नाही, एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

मी लोणावळ्यात राहते. हॉटेलं, चिक्कीचे कारखाने, छोट्या कंपन्या यांचे कॉम्प्युटर आणि सर्व्हर सांभाळणं हा माझा व्यवसाय. त्या दिवशी मी आंदर मावळात शकुंतलामावशींच्या पॅकहाउसमध्ये, म्हणजे फुलं पेट्यांत भरायच्या शेडमध्ये, होते. मावशींची गुलाबाची पॉलिहाउसेस आहेत. कांबळे त्यांचे मॅनेजर, शेतकी पदवीधर, कामाला चोख. फेब्रुवारीचा पहिला आठवडा होता आणि परदेशी जाणारा माल कापून कोल्ड रूममध्ये ठेवलेला होता. प्रत्येक पेटीवर बारकोडचं लेबल लागतं. ते छापणाऱ्या लिनक्स कॉम्प्युटरची हार्ड डिस्क आदल्या दिवशी मेली होती. मी नवी डिस्क लावली होती. आता लेबलचं सॉफ्टवेअर बसवायचं राहिलं होतं, आणि दुपारी एक्स्पोर्टरची गाडी येणार होती.

लिनक्सवर सॉफ्टवेअर आणायला पॅकेज मॅनेजर नावाचा प्रोग्राम असतो. हवी ती वस्तू सांगितली, की तो दूरच्या सर्व्हरवरून ती आणतो आणि तिला लागणारं बाकीचं सामानही शोधून आणतो. पण इंटरनेटवर मशीन एकमेकांना नावानं सापडत नाहीत, आकड्यांनी सापडतात. म्हणून आधी डीएनएस सर्व्हरला विचारायचं, "या नावाचा आकडा कोणता?" माझं काम नेमकं इथेच अडलं होतं.

मी तेच नाव स्वतः टाइप करून डीएनएस सर्व्हरला विचारून पाहिलं. लगेच उत्तर आलं. पुन्हा पॅकेज मॅनेजर चालवला. चालला! चार-पाच फायली आल्या आणि परत तीच ओळ. पत्ता सापडत नाही.

राउटर बंद करून चालू केला. वायर बदलली. मशीन रीस्टार्ट केलं. प्रत्येक वेळी थोडा वेळ काम व्हायचं, वाटायचं जमलं, आणि मग थांबायचं. ब्राउझर मात्र एकदाही थांबला नाही.

मग मी ब्राउझरमधूनच पॅकेज एकेक करून उतरवायला घेतली. पहिल्यानं दुसरं मागितलं. दुसऱ्यानं आणखी तीन मागितली. त्यातल्या एकाला वेगळीच आवृत्ती हवी होती. हा मार्ग मी सोडला.

मोबाइलवर नेट घ्यावं, तर पत्र्याच्या शेडमध्ये रेंज नाही. नेट पुरवणाऱ्याला फोन करायला मी बाहेर चढावर गेले. त्यानं उचलला नाही.

परत आले तेव्हा मावशी डोक्यावरचा पदर सावरत दारात उभ्या होत्या.

"काय म्हनतंय मशीन?"

"मावशी, अजून कळत नाहीये."

"सकाळपास्नं बगते मी. मदीच चालतंय, मदीच रुसतंय."

"तसंच आहे खरं."

"गाडीवाला बिनलेबलचा माल उचलत न्हाई, बाई. आन कळी फुटली की त्यो बी माल गेला."

 

पुन्हा कमांड चालवली आणि स्क्रीनकडे नुसती बघत बसले. फायली येत होत्या. तेवढ्यात कोल्ड रूमचा कॉम्प्रेसर घुर्रकन सुरू झाला. डोक्यावरची ट्यूब क्षणभर मंदावली. आणि फायली थांबल्या.

"कांबळे, कॉम्प्रेसर सुरू झाला की नेहमी लाइट असा डिम होतो?"

"हो. व्होल्टेज पडतं. माल आत ठेवताना दार सारखं उघडतं ना, मग तो जास्त वेळा लागतो."

त्यांच्याही लक्षात आलं. "मग सोपं आहे मॅडम! अर्धा तास कॉम्प्रेसर बंद ठेवू."

"न्हाई," मावशी म्हणाल्या.

"मावशी, अर्धाच तास," कांबळे म्हणाले.

"आत वर्साचं काम हाय माजं. दार उघडं-बंद, त्यात थंडावा न्हाई. कळ्या उमलल्या तर लेबलं काय माज्या कपाळाला लावू?"

कांबळे माझ्याकडे बघायला लागले. मी हो म्हणाले असते, तर त्यांनी मावशींची समजूत घातली असती. माझ्याही ओठांवर हो आलं होतं. पण एक गोष्ट बसत नव्हती. कॉम्प्रेसरमुळे नेट जात असेल, तर ब्राउझरही थांबायला हवा होता.

"कांबळे, आत्ता बातम्यांचं दुसरं पान उघडा."

उघडलं.

म्हणजे नेट गेलेलं नव्हतं. मग गेलं होतं काय?

मी राउटरचं सेटिंगचं पान उघडलं. तिथे नेटची नेहमीची फायबरची लाइन बंद दिसत होती आणि सिमकार्डची चालू.

"हे सिम कुठलं?"

"ते होय? वायर तुटली तर सोय म्हणून नेटवाल्यानं बसवलंय. वर पत्र्यावर अँटेना आहे. आपोआप बदलतं म्हणाला."

मी पुन्हा तेच नाव हातानं विचारलं, या वेळी उत्तर नीट वाचत. डीएनएस सर्व्हर गप्प नव्हता. तो नकार देत होता.

आता उलगडा झाला. व्होल्टेज पडलं की राउटर आणि कॉम्प्युटर तगायचे, पण फायबरची लाइन जिथे येते तो भिंतीवरचा डबा रीस्टार्ट व्हायचा. तो पुन्हा उभा राहीपर्यंत राउटर सिमवर जायचा. पण पत्ते विचारायला मशीनला फायबर कंपनीचाच डीएनएस सर्व्हर नेमून दिलेला होता, आणि तो फक्त आपल्या लाइनवरून आलेल्यांनाच उत्तर द्यायचा. सिमच्या लाइनवरून विचारलं की नकार. ब्राउझरला हे कधी जाणवलंच नाही, कारण आजकालचे ब्राउझर पत्ते स्वतःच्या ओळखीच्या दुसऱ्या सर्व्हरला विचारतात.

सेटिंगमध्ये मी एक ओळ बदलली. कुठल्याही लाइनवरून उत्तर देणारा सार्वजनिक डीएनएस सर्व्हर घातला आणि कमांड पुन्हा चालवली.

फायली येऊ लागल्या. कॉम्प्रेसर थांबला. आम्ही तिघं स्क्रीनसमोर उभे. थोड्या वेळानं तो परत घुरघुरला, ट्यूब मंदावली.  ओळी एकदा अडखळल्या, पण चालत राहिल्या.

लेबलं छापायला लागलो तेव्हा गाडी दारात येऊन उभी होती. ड्रायव्हर कुरकुरला, पण थांबला. बराचसा माल चढला. दाराजवळच्या काही पेट्यांतल्या कळ्या तोवर उमलायला लागल्या होत्या. मावशींनी त्या स्वतःच्या हातानं बाजूला काढल्या. आता त्या पुण्याच्या बाजारात जाणार होत्या.

निघताना मावशींनी विचारलं, "म्हंजे मशीन बिघडलंच नव्हतं?"

"नाही."

"नेट बी गेलं नव्हतं?"

"नाही."

"मग दिसभर काय चाललं हुतं?"

मी समजावायला लागले, पण दोन वाक्यांत माझंच मला पटेना. कांबळे हसले. मावशी हसल्या नाहीत. "बरं. च्या घेऊन जा," म्हणाल्या.

फायबरच्या डब्याला छोटा यूपीएस लावा, असं मी कांबळेंना सांगितलं. त्यांनी तो त्याच आठवड्यात बसवला.

तेव्हापासून बंद पडलेल्या वस्तूकडे मी जरा उशिरा वळते. शेजारची वस्तू चालतेय कशी, हे आधी विचारते.