राजाची परवानगी

आमच्या वडिलांना एक गोष्ट सांगायची फार हौस होती. बुद्धाच्या काळी राजाचे सैनिक लढाई टाळायला भिक्खू होऊ लागले. राजाने तक्रार केली, आणि नियम झाला की राजाच्या चाकरीतल्या माणसाला दीक्षा द्यायची नाही. महसूल खात्यात अव्वल कारकून असलेले आमचे वडील मग मान ताठ करून म्हणायचे, "बघा, धम्मानंही सरकारचा हक्क मानला."

त्यामुळे ते वाघोलीपुढच्या विहारात दहा दिवस श्रामणेर व्हायला निघाले, तेव्हा आम्ही निर्धास्त होतो. रजा काढायची, मुंडन करून चीवर घालायचं, दहा दिवस राहून पुन्हा कामावर जायचं, हे आमच्यातले पुष्कळ नोकरदार करतात.

दहाव्या दिवशी मी आणि आई त्यांना आणायला गेलो. आईने त्यांचा इस्त्रीचा शर्ट पिशवीत घेतला होता. सभागृहात वडील हात जोडून उकिडवे बसले होते आणि वृद्ध भंते त्यांना प्रश्न विचारत होते.

"राजसेवेत आहात का?"

"नाही, भंते. राजीनामा मंजूर झालाय."

मी हादरले. आधी वाटलं, हा माणूस चक्क खोटं बोलतोय. खोटं असतं तर किती बरं झालं असतं. दहा दिवसांच्या श्रामणेराला हे प्रश्न कुणी विचारत नाही, कायमचा भिक्खू होणाऱ्यालाच विचारतात. आईला ते माझ्याआधी कळलं होतं. तिने माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. अर्ज देऊन महिने झाले असणार, आणि रोज रात्री ते आमच्याच पंगतीला जेवत होते. माझा संताप संताप झाला.

"आई-वडिलांची संमती?"

"दोघंही हयात नाहीत."

आई उठून उभी राहिली. आवाज मात्र चढवला नाही.

"भंते, राजाचं विचारलंत, आई-वडिलांचं विचारलंत. आपल्या यादीत बायको आहे का?"



"नियमात तसं नाही, उपासिके."

वडिलांनी मागे वळून पाहिलं नाही. विधी पुरा झाला, वंदनेसाठी रांग लागली. मला वाटलं, आई निघून जाईल. ती रांगेत उभी राहिली. सव्वीस वर्षं 'अहो' म्हणून हाक मारलेल्या माणसापुढे तीनदा वाकली.

"भंते," ती म्हणाली, "सरकारी क्वार्टर कधीपर्यंत सोडायचं, तेवढं सांगा."