रिकाम्या खोगिराचा घोडा

लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात मी यजमानांबरोबर जंगलात राहायला गेले. ते बडोदे संस्थानच्या जंगल खात्यात होते. थंडी पडली की डांगच्या बाजूच्या डोंगरांत मुक्काम ठोकायचा आणि घोड्यावरून हिंडून हद्दीच्या खुणा तपासायच्या, हे त्यांचं काम. बडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या घरी सासूबाईंना हे काही पसंत नव्हतं. शेवटी मामंजीच म्हणाले, "जाऊ दे तिला. इथे दिवसभर माडीवर येरझाऱ्या घालते, त्या तिकडे घालील."

सोनगडपर्यंत आगगाडी, पुढे घोडे. यजमानांचा तांबूस घोडा उंच होता, मला एक करडी तट्टाणी मिळाली. नऊवारीचा कासोटा घट्ट मारला की खोगिरावर छान बसता येतं, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार गुजराती, पन्नाशी उलटलेला. मला 'बेन' म्हणायचा.

मुक्काम ओढ्याकाठी होता. दोन राहुट्या, एक चूल, सागाच्या बुंध्यांना बांधलेले घोडे. बाकी चहूकडे बांबू आणि डोंगर. यजमान सकाळी निघून जात. आचारी मला चुलीजवळ फिरकू देत नसे. मी ओढ्यावर जायची, परत यायची, पुन्हा जायची. आणलेलं शिवणकाम तसंच पडून राहिलं. पानांची जरा सळसळ झाली की तट्टाणी कान टवकारायची, खुरांनी माती उकरायची, आणि मीही उठून उभी राहायची.

एके दिवशी बरोबरच्या जंगल-शिपायाला ताप भरला, म्हणून यजमान एकटेच गेले. "जेवायला येतो," म्हणाले. जेवणवेळ टळून गेली. पान झाकून ठेवलं, पुन्हा उघडलं, पुन्हा झाकलं. मग टापा ऐकू आल्या. धावत बाहेर आले, तर घोडा एकटाच. खोगीर पोटाखाली घसरलेलं, लगाम तुटलेला, गुडघ्याला रक्त.

मोतद्दारानं घोडा धरला, त्याच्या अंगावरून हात फिरवला. "बेन, तुम्ही बसा. हूं जोई आवूं छूं, बघून येतो."

"मला बसवत नाही," मी म्हटलं. "आणि ते पडले असतील तर तुम्ही एकटे त्यांना कसे उचलणार?"

तो तट्टाणीवर खोगीर घालू लागला. घोडा आचाऱ्याच्या हवाली करून आम्ही निघालो. तो पुढे पायी, टापांच्या खुणा बघत, मागे मी. चिखलात खुणा दिसत, खडकावर हरवत. मोतद्दार "साहेब! ओ साहेब!" करत होता. मी "अहो! अहो!" ओरडत होते. जंगलात 'अहो' किती लांब जाणार? वाऱ्यातच विरून जायचं. उन्हं कलायला लागली, तसा माझा धीर सुटला. रिकिबीत उभी राहिले आणि त्यांचं नाव घेऊन हाक मारली. उखाण्याबाहेर कधी न घेतलेलं नाव, तेही उघड्या रानात, इतक्या मोठ्यानं.

खालच्या उतरणीवरून आवाज आला, "कोण आहे?"

एका धोंड्याला टेकून ते बसले होते. चेहरा पांढराफटक, डावा पाय वाकडा. झुडपातून सांबर उठलं, घोडा उधळला आणि हे फेकले गेले.

"कोण हाक मारत होतं?" त्यांनी विचारलं.

मोतद्दार तट्टाणीचा तंग आवळण्यात गढून गेला. मी म्हटलं, "मीच."

ते हसायला गेले आणि कळवळले.

बांबूच्या कामट्या पायाला लावून त्यांच्याच फेट्यानं बांधल्या. दोघांनी मिळून त्यांना तट्टाणीवर चढवलं. लगाम धरून मी पुढे चालले. दर वळणावर ते कण्हत. मी थांबले की म्हणत, "थांबू नकोस." दिवेलागणीला राहुटीपाशी पोहोचलो. सकाळी बैलगाडी मिळाली, तीतून सोनगडच्या दवाखान्यात.

हाड जुळलं, पण पाय आखूड राहिला. घोड्यावर बसायला डॉक्टरांनी मनाई केली आणि यजमानांची बदली बडोद्याच्या कचेरीत झाली. घोडे सरकारी पागेत परत गेले. घोड्यांना हायसं वाटलं असावं. मला नाही वाटलं. निवडायला घेतलेल्या तांदळाचं सूप मांडीवर धरून मी बसायची आणि रस्त्यावरून टांगा गेला की उठायची.

पुढे डॉक्टरांनीच त्यांना रोज थोडं चालायला सांगितलं. संध्याकाळी आम्ही दोघं सूरसागर तलावाकडे निघायचो. बाईमाणसानं नवऱ्याच्या मागून चालावं, अशी तेव्हाची रीत. माझे पाय काही ती पाळत नसत. ते काठी टेकत येत, मी चार पावलं पुढे. ओट्यांवरच्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या.

"अगं, जरा हळू," ते मागून म्हणायचे.

मी थांबायची. ते जवळ आले की पुन्हा चालू लागायची.