कोरडी फरशी

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून एकदाही बाहेर पडलेली नाही — देवापुढेसुद्धा नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या घरचे नाही. आज जीभ सैल झाली तर परवा अडणार नाही. परवाचं काय, ते येईलच पुढे.

कुठून सुरू करू? दुखण्यापासूनच करते. पंचेचाळिसाव्या वर्षी माझ्या छातीत कॅन्सरची गाठ निघाली. एक बाजू काढली. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या दुखण्याला अंगातल्या हार्मोनचं खतपाणी मिळतं, ते तोडायला हवं — म्हणून अंडाशयंही काढली. पुढचं सगळं त्यांनी आधीच बजावलं होतं. अंगातून वाफा उठतील, हाडं ठिसूळ होतील. रोज तासभर चाला, दूध प्या, कॅल्शियमच्या गोळ्या चुकवू नका, आणि भरलेली बादली उचलायची नाही म्हणजे नाही.

मी काय केलं? सकाळी ऐटीत निघायची आणि देवळाच्या कट्ट्यावर बसून परत यायची. कॅल्शियमच्या गोळीनं पोट जड व्हायचं, म्हणून ती जाईच्या कुंडीत. घरी मात्र मिजास अशी, की माझ्यासारखी पथ्य पाळणारी बाई शोधून सापडायची नाही.

वाफा तेवढ्या खऱ्या होत्या. बाहेर मे महिना आणि आत ही दुसरी भट्टी — मानेपासून कपाळापर्यंत भडका उठायचा, पाठ भिजून जायची. आधार एकच, खिडकीतला कूलर. त्यात पाणी भरायचं काम सुमनचं. सुमन माझी सून, काटोलची, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. त्याच आठवड्यात ती माहेरी जाणार होती. एकुलत्या एका भावाचं लग्न, करवली हीच. मला ते सलत होतं का? होय, सलत होतं. मी इथं उकडत पडणार आणि ही आठ दिवस मिरवणार.

त्या दुपारी ती टेलरकडे ब्लाउज आणायला गेली होती. कूलरमधलं पाणी संपलं, गरम वारा यायला लागला, आणि नेमका भडका उठला. अर्धा तास थांबता आलं नसतं? शेजारणीला हाक मारता आली नसती? पण हाक मारून सांगायचं काय — मला आतून वाफा येतात? मी उठले. न्हाणीतून भरलेली बादली उचलली. चार पावलांवर पाणी हिंदकळलं, पाय सरकला, आणि खुब्यात काडकन आवाज झाला.

शेजारीण आली. माझा मुलगा विजय दुकानातून धावत आला. मागोमाग सुमन, हातात ब्लाउजचं पुडकं. कसं झालं, विजयनं विचारलं. आणि मी — विचार करायला क्षणही लागला नाही हो — म्हणाले, "बादली वाटेतच ठेवून गेली नं ही. सारं पाणी सांडलेलं, मले दिसलंच नाही."

"काहून वं, एवढंही समजत नाही तुले?" विजय तिच्यावर कडाडला.

"मी तं फरशी कोरडी करून गेली होती जी," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी हो म्हणेन म्हणून. मी डोळे मिटले. सगळ्यांना वाटलं, कळ आली.

आता कोणत्या तोंडानं माहेरी जातेस, असं विजय तिला म्हणाला. ते मी पडल्या पडल्या ऐकलं. भावाचं लग्न तिच्याविना लागलं. तीन महिने तिनं मला उचललं, पुसलं, माझं भांडं काढलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, चालत होता ना? गोळ्या घेत होता ना? मी म्हटलं, रोज.

उठल्यावर मी सुधारले, अगदी हट्टानं. काठी टेकत खरोखर चालते, गोळी चावून खाते, दूध नाक न मुरडता पिते. सहा वर्षं झाली, गाठ परतली नाही. एवढं सगळं केलं. हे एकच केलं नाही.

तिचा भाऊ दर हिवाळ्यात संत्र्यांची टोपली घेऊन येतो. बसल्याबरोबर मला विचारतो, खुबा कसा आहे आता? परवा तो येतोय. विजय घरी असेल, शेजारणीलाही बोलावलंय. खोटं ज्यांच्यापुढे बोलले, खरंही त्यांच्यापुढेच बोलणार आहे. मग सुमननं माझ्याशी कसं वागायचं, ते तिचं ती ठरवेल. मला तिच्याकडून काही मागायचं नाही.

आत्ताच मी न्हाणीकडे जायला उठले, तर ती फडकं घेऊन माझ्यापुढे गेली. सहा वर्षं रोज हेच चाललंय. माझं पाऊल पडायच्या आधी ती फरशी पुसून घेते. त्या दिवशीही तिनं ती कोरडीच ठेवली होती.