अण्णा जागचे उठले तो दिवस

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, पाकिस्तानशी काही विशेष वाकडं नव्हतं. पाकिस्तानवर चिडायला अख्खं गाव होतं, आपण कशाला त्यात भर घालायची असं त्यांना वाटत असावं. त्यांचा राग ऑस्ट्रेलियावर. तो राग त्यांनी गोठ्यातल्या म्हशीसारखा सांभाळला, वेळच्या वेळी चारापाणी घालून.

कारण विचारलं की ते मद्रासच्या वर्ल्डकपच्या मॅचपासून सुरू करायचे. मी तेव्हा शाळेतही जात नव्हते, पण ती मॅच मी पाहिलेली आहे असंच मला वाटतं, इतक्यांदा ऐकली.

"मधल्या सुट्टीत त्यांची मानसं म्हनली, तो चौका न्हवता, सिक्सर हुता. आपला कप्तान सरळ मानूस. म्हनला, आसंल बाबा, घ्या दोन रन वाढवून. आन आपन हरलो कितीनं? एका रननं!" इथे ते एक बोट वर करायचे. मग दुसरं बोट. "आन म्होरच्या का त्याच्या म्होरच्या वर्ल्डकपला त्यांच्या गावात गेलो, तितंबी एका रननं! दोन-दोनदा आसं करनाऱ्याला घरात कोन पानी तरी पाजंल का?"

ऑस्ट्रेलियातलं कोणी मिरजगावजवळच्या आमच्या वस्तीवर पाणी प्यायला येण्याची शक्यता नव्हती. पण अण्णांची तयारी होती.

आमच्या घराची पुढची खोली म्हणजे गावाचं दूध संकलन केंद्र. अण्णा सकाळ-संध्याकाळ दूध मापून घ्यायचे आणि टेम्पो ते मिरजगावच्या शीतकरण केंद्रावर न्यायचा. त्या खोलीत एक काळापांढरा टीव्ही होता. दूध घालायला आलेला माणूस मॅच असली की रिकामी किटली मांडीवर घेऊन तिथेच बसायचा. आणि तिथे अण्णांचा एक नियम होता. शारजात आपण ऑस्ट्रेलियाला हरवून कप आणला तेव्हापासूनचा. जोडी जमली, की जो जिथे ज्या अवस्थेत बसलाय त्याने तिथून हलायचं नाही. विकेट पडली, लंच झाला, चहाची वेळ झाली, तरच उठायचं. कसोटीत जोडी नाबाद राहिली तर दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येकाने येऊन आदल्या दिवशीच्याच जागी बसायचं. एकदा आमचा एक चुलतभाऊ खिडकीत एक पाय आत, एक पाय बाहेर अशा अवस्थेत सापडला आणि पावणेदोन तास तसाच राहिला. आता हसू येतं. तेव्हा कोणी हसायचं नाही. विकेट पडली तर कोण हललं याची चौकशी व्हायची, आणि ती पोलीस पाटलाच्या चौकशीपेक्षा कडक असायची.

आता माझं सांगते. मी बारावी सायन्सला होते आणि फिजिक्समध्ये एकदा उडाले होते. आमच्या घरात, भावकीत, कोणीच बारावीच्या पलीकडे गेलेलं नव्हतं. मुलगी तर दहावीपर्यंतही कोणी नाही. आईच्या भावाने, माझ्या मामाने, सोनईचं स्थळ आणून ठेवलं होतं. बागायती घर, उसाची शेती, मुलगा बरा. आमच्या कुसळाच्या रानातून पाहिलं तर सोनई म्हणजे काश्मीरच. घरात ठरलं होतं ते असं : या खेपेला पास झाली तर नगरला कॉलेज, उडाली तर निकालापाठोपाठ सोनई. माझं सोनईशी काही भांडण नव्हतं. पण मला नगरला जायचं होतं. रात्रंदिवस तेवढंच डोक्यात होतं, आणि फिजिक्सचा पेपर आला नेमका कोलकात्याच्या कसोटीच्या चौथ्या दिवशी.

ती कसोटी ज्यांनी पाहिली त्यांना सांगायला नको. ऑस्ट्रेलिया ओळीने सोळा कसोट्या जिंकून आलेली. त्यातली सोळावी मुंबईत, आपल्याला हरवून. कोलकात्यात आपल्याला फॉलोऑन. दुसऱ्या डावात आदल्या संध्याकाळपर्यंत चार पडलेले, अजून थोडे मागेच होतो, आणि दोघं नाबाद.

पेपर अकराचा, सेंटर मिरजगावात. एसटीचा भरवसा नसायचा म्हणून मी दुधाच्या टेम्पोनेच जायची. दूध गोळा झालं, कॅन टेम्पोत चढले, मी पॅड आणि हॉलतिकीट घेऊन उभी. आणि टेम्पोवाला आत, पालथ्या कॅनवर, हाताची घडी घालून बसलेला. कालची त्याची जागा तीच होती.

"दादा, चला की. उशीर होतोय," मी म्हटलं.

तो टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, "ताई, एक विकेट पडू दे, लगेच निघू."

"आन न्हाई पडली तर?" आई दारातून कडाडली.

"वैनी, सोळा मॅच जिंकलेली टीम हाय. पडनारच की कवातरी."

"पोरीचा पेपर हाय! ऑस्ट्रेलियावाले येनार हायेत का रं तिचं लगीन लावायला?"

"मी उठलो आन विकेट पडली तर ही मानसं मला टेम्पोसकट पेटवतील, वैनी. नियम काय मी केला का? अण्णांनी केला."

खोलीत पंधरा-वीस माणसं होती. एकानेही मान वळवली नाही. सगळ्यांना माझ्याबद्दल वाईट वाटत होतं, हे मी आजही खात्रीने सांगते, पण बसून वाईट वाटत होतं.

अण्णा मापाच्या टेबलाशी एक पाय मुडपून बसले होते. त्यांनी टीव्हीकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. माझ्याकडे नाही पाहिलं. मग पाय सोडला आणि खाली चपला चाचपायला लागले.

"अण्णा! काय करताय?"

"बसा खाली! आत्ता कुठं बॉल दिसाया लागलाय त्यान्ला."

"अण्णा, जोडी फुटंल!"

"फुटली तर फुटली," अण्णा म्हणाले. "कोलकत्त्यात परत मॅच हुईल. हिचा पेपर परत न्हाई."

दारामागे त्यांची जुनी मोपेड होती. ती चढाला आम्ही उतरून ढकलायची अशा लायकीची. रस्त्यावरच्या हॉटेलपुढे टीव्हीला गर्दी होती, तिथे अण्णांनी गाडीचा वेग वाढवला, म्हणजे वाढवायचा प्रयत्न केला. सेंटरच्या गेटवर घंटा व्हायला चार-पाच मिनिटं होती. "जा," एवढंच म्हणाले.

दोन वाजता बाहेर आले तेव्हा मला वाटलं होतं ते कधीच परत गेले असतील. तर समोरच्या लिंबाखाली उभे. टोपी हातात, तोंड लालबुंद.

"तुम्ही अजून इथेच?"

"मला गावात यायला बंदी केलीय," अण्णा म्हणाले. चेहरा असा, की हसावं का रडावं कळेना.

झालं होतं ते असं. अण्णा उठले, पण जोडी फुटली नाही. ओव्हरमागून ओव्हर गेल्या, चौकार जात राहिले, आणि खोलीतल्या माणसांच्या हळूहळू लक्षात आलं, की अण्णा उठले म्हणूनच जोडी टिकली. इतकी वर्षं हाच माणूस खोलीत बसून विकेटी पाडत होता! लंच झाल्याबरोबर टेम्पोवाला दूध घेऊन निघाला तेव्हा सगळ्यांनी त्याच्याबरोबर निरोप धाडला. त्याने सेंटरबाहेर टेम्पो थांबवून तो दिला : "अण्णा, पाया पडतो, आज खेळ संपस्तोवर हिकडंच र्‍हावा. आन स्कोअर इचारू नका कुनाला. कानबी बंद ठिवा."

दूध मात्र मार्चच्या उन्हात नासून गेलं होतं. शीतकरण केंद्रावर त्यांनी झाकण उघडून वास घेतला आणि कॅन जसेच्या तसे परत पाठवले.

मग दुपारभर अण्णा आणि मी मिरजगावात. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघंच इतका वेळ एकत्र होतो. रसवंतीत बसलो तर शेजारच्या दुकानात कॉमेंट्री चालू. अण्णांनी दोन्ही कानांत बोटं घातली, म्हणून मी ग्लास त्यांच्या तोंडाला लावला. रसवंतीवाला बघतच राहिला. "आजारी हायेत का?" त्याने मला हळूच विचारलं. तेवढ्यात बाजारपेठेत ओरडा झाला. अण्णांनी कानातली बोटं न काढता मला डोळ्यांनी विचारलं. मी मान हलवली : विकेट नाही, चौका. त्यांनी डोळे मिटून घेतले. ऑस्ट्रेलियाला असं झोडपताना बघायला हा माणूस इतकी वर्षं थांबला होता, आणि तो दिवस उजाडला तेव्हा हे असे बसलेले.

पेपर कसा गेला, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. सांगण्यासारखा गेलाच नव्हता.

संध्याकाळी परतलो तर गावात सण. अख्ख्या दिवसात एकही विकेट नाही! बायांनी दिवसभर शिव्या घालत नासलेल्या दुधात गूळ घालून ते आटवलं होतं आणि घरोघर वाट्या फिरत होत्या. अण्णांचा सत्कार करायचा म्हणून कोणीतरी नारळही आणला. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांना सकाळीच रानात पिटाळलं. आपण जिंकलो ते त्यांना फटाक्यांवरून कळलं. ती मालिकाही आपण घेतली, ती त्यांनी बहुतेक अशीच, लांबून जिंकली.

जूनमध्ये मी पास झाले. फिजिक्समध्ये अडतीस. अडतीस का होईना, पण नगरला कॉलेजात गेले, बी.एस्सी. झाले, आज नागापूरला एमआयडीसीत प्रयोगशाळेत काम करते. आमच्या खानदानातला पदवीचा पहिला कागद माझा, आणि तो मी बाहेरच्या खोलीत, आल्यागेल्याला दिसेल असा लावलाय. त्यात लाज कसली?

ऑस्ट्रेलिया काही सोडून गेली नाही. आफ्रिकेतली वर्ल्डकपची फायनल मी हॉस्टेलवर हरले. हरलो म्हणायला हवं, पण त्या दिवशी वाटलं मी एकटीच हरले. आमचा अख्खा डाव छत्तीसात आटोपला त्या सकाळी अण्णांनी फोन करून नुसता आकडा सांगितला आणि ठेवून दिला. मग महिन्याभरात ब्रिस्बेनला जिंकलो, तेव्हा मी ड्युटीवर होते, आणि फोनवर अण्णांचं ओरडणं शेजारच्या टेबलापर्यंत गेलं. अहमदाबादच्या फायनलला मात्र सगळं घर जमलं होतं, आणि सगळं घर न जेवता उठलं. आता माझा मुलगा म्हणतो, तिकडचेच खेळाडू आपल्या आयपीएलमध्ये खेळतात, आज्जा, त्यांच्यावर कसलं चिडायचं? अण्णा म्हणतात, "खेळू दे. एक रन आजून बाकी हाय."

गेल्या दिवाळीत गावी गेले तेव्हा सहज लक्षात आलं, की कोलकात्याचा तो चौथा दिवस अण्णांनी अजून पाहिलेलाच नाही. मोबाईलवर तो सापडला. ओट्यावर त्यांच्याशेजारी बसले आणि लावून दिला. आता त्यांना दिसतं कमी, म्हणून मोबाईल अगदी नाकाशी धरला.

मग म्हणाले, "ह्या टायमाला तू आत गेल्ती." थोड्या वेळाने, "आता तुझा निम्मा पेपर झाला आसंल." बॉलरने अपील केलं तसा त्यांनी पटकन पाय मुडपून घेतला. आउट नाही हे जगाला कळून पंचवीस वर्षं होत आली तरी.

"पेपर कसा गेल्ता गं?" त्यांनी एकदम विचारलं.

"वाईट गेला होता, अण्णा. दोन गणितं सोडली. शेवटचा अर्धा तास नुसती बसून होते. मला वाटलं, झालं, सोनई."

"सोनईला मी तवाच न्हाई म्हनून सांगितलं हुतं."

"कधी?"

"तू आत हुतीस तवा. गेटासमोर एसटीडी बूथ हुता. तुझ्या मामाला फोन लावला. म्हनलं, पोरगी पास हू न्हाईतर नापास हू, ते स्थळ र्‍हाऊ दे. आन त्वांड बंद ठिव म्हनलं."

म्हणजे मार्च ते जून मी ज्या भीतीने झोपले नाही, ती भीती मुळात नव्हतीच. मला त्यांचा रागच आला, खरं सांगते.

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं आस्तं तर उडाल्यावर आक्टोबरला परत बसली नस्तीस."

"आणि ऑक्टोबरलाही उडाले असते तर?"

अण्णांनी मोबाईल जरा लांब धरला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी अजूनही बारावीतच आहे.

"तर परत सोडाया आलो आस्तो," ते म्हणाले.